टाकापुरता रुपया

हरणाबाई सरगर यंदाच्या श्रावणात गेली. आटपाडीजवळच्या तिच्या वाडीत रक्षाविसर्जनाला माईकवर बोलणारे पुष्कळ होते, आणि सगळे तिच्या मुलाबद्दल बोलले. धनाजीशेटनी वाडीसाठी काय काय केलं, कमान कुणी बांधली, पाण्याची टाकी कुणी दिली. हरणाबाईबद्दल एकजण एवढंच बोलला की अशा मुलाला जन्म देणारी माऊली धन्य होय. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. मला कुणी बोलायला सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी माईकवर मला जमलं नसतं. म्हणून लिहिते आहे.

पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टर ॲग्नेस होत्या. रोज झोपण्याआधी डायरी लिहायला लावायच्या. म्हणायच्या, आधी काय घडलं ते लिहा. काय वाटलं ते नंतर, जागा उरली तर. ती सवय अजून सुटलेली नाही. हेही तसंच लिहिते.

लग्न होऊन मी रहिमतपूरला आले तेव्हा इंग्रजी कविता पाठ म्हणणारी, आणि भाकरी न येणारी सून होते. आमचे हे फौजेत, वर्षातून एकदा घरी. घरात मी आणि सासूबाई. आमची जमीन नदीकाठची, उसाची. लागणीच्या आधी रान मोकळं असे तेव्हा पूर्वेकडचे धनगर आपली मेंढरं घेऊन यायचे आणि रात्री ती आमच्या रानात बसवायचे. मेंढरांच्या लेंडीचं खत रानाला मिळायचं, त्याबद्दल धनगरांना जोंधळा, डाळ, मिरची मिळायची. त्या व्यवहारात पैशाचा कधी संबंध आला नाही. दिवाळीनंतर येणाऱ्या त्या वाड्यांमध्ये, म्हणजे मेंढरं-माणसांच्या तांड्यांमध्ये, एक वाडा धुळा सरगरचा. धुळा उंच, लाल पटक्याचा, माणसांपेक्षा कुत्र्याशी जास्त बोलणारा. त्याची बायको हरणाबाई. वय माझ्याएवढंच, कडेवर तान्हा धनाजी, आणि गळ्यात चांदीच्या रुपयांची माळ.

ती माळ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हात लावून पाहिल्याशिवाय राहवलं नाही. राणीछाप रुपये, काही राजाछाप. प्रत्येकाला वर कडी डागलेली आणि काळ्या गोफात ओवलेले. तिच्या सासूच्या सासूपासून आलेली. मेंढरामागे चालताना ती माळ वाजायची, आणि धुळा म्हणे पुढे चालत असला तरी मागे न बघता त्याला कळायचं की बायको किती लांब आहे.

आमच्याकडचा मुक्काम संपला की त्यांचा वाडा घाटाकडे, पाटणच्या बाजूला जायचा. तिकडे उघड्यावर राहायचं, चोरांचं भय. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी हरणाबाई माळ काढायची, फडक्यात बांधायची आणि सासूबाईंकडे द्यायची. "ठेवा आत्तीसाब," एवढंच. सासूबाई ते गाठोडं तांदळाच्या डब्यात खाली सारायच्या. गाठ कधी सोडायच्या नाहीत, मलाही सोडू द्यायच्या नाहीत. जेठात परत जाताना हरणाबाई यायची, दारात उभी राहायची, सासूबाई गाठोडं तिच्या हातावर ठेवायच्या. तिनंही कधी आमच्यासमोर उघडून पाहिलं नाही. सासूबाई गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं.

सासूबाई असतानाच एके वर्षी ती मध्येच आली, घाटातून. तिचा सासरा वारला होता. सासूबाईंनी गाठोडं दिलं. तिनं माळेतला एक रुपया कडीसकट काढला आणि माळ पुन्हा बांधून आमच्याच हातात दिली. मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की त्या रुपयाचा टाक करायचा. टाक म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायचा चांदीचा छोटा पत्रा, त्यावर ठोकलेली आकृती. आमच्याकडे देवांचे टाक असतात. त्यांच्यात गेलेल्या माणसाचाही करून तो देवांत बसवतात, आणि सरगरांच्या घरात तो टाक विकतच्या चांदीचा चालत नाही.

"मग कुठल्या चांदीचा?"

"अंगावरच्या. ज्या चांदीनं त्येला बघितलंय त्या."

हे वाक्य मी तेव्हा डायरीत लिहून ठेवलं होतं. मला ते कवितेसारखं वाटलं होतं. तिला ते तसं वाटत नव्हतं; तिच्या घरची रीत होती, एवढंच.

पुढे धरणाचं पाणी आलं, पडीक रान राहिलं नाही, पिशव्यांतलं खत आलं. वाडे येईनासे झाले. धनाजी मोठा झाला आणि त्या भागातली बरीच मुलं जातात तसा गलाईच्या कामाला गेला, तामिळनाडूत, सेलमला. सराफांकडची जुनी मोड भट्टीत वितळवून त्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं काढायचं, हे काम. आधी दुसऱ्याच्या भट्टीवर, मग स्वतःची. दोन मजली घर बांधलं. मेंढरं विकली. धुळाला ओसरीवर खुर्ची दिली, त्याला त्या खुर्चीत बसता येईना. तो शेजारी जमिनीवर बसायचा. आम्ही तोवर सांगलीला विश्रामबागला राहायला आलो होतो. हे गेल्यावर मी एकटीच. हरणाबाई दर दिवाळीला एसटीनं यायची, तुपाची बरणी घेऊन. सोफ्यावर तीही बसायची नाही.

तीन वर्षांपूर्वी सांगलीत एका पतसंस्थेनं पैशाच्या इतिहासाचं संग्रहालय काढलं. नाव 'चलनगाथा'. कवड्यांपासून मोबाईलवरच्या पैशापर्यंत सगळं एका छताखाली, अशी जाहिरात होती. उद्घाटनाला ज्यांनी वस्तू दिल्या त्यांचे सत्कार झाले. धनाजीनं आईची माळ दिली.

मी त्या कार्यक्रमाला होते. हरणाबाई स्टेजवर, नव्या जरीच्या लुगड्यात, गळा मोकळा. खाली उतरल्यावर मी विचारलं, "माळ दिलीस?"

"ठेवाय दिली," ती म्हणाली. "लय मोठी मानसं हायती, वैनीसाब. काचंचं कपाट हाय, राखन हाय. म्या इचारलं धनाजीला, लागंल तवा? त्यो म्हनला, हायच की, कुठं जात्या."

माझ्या मनात काहीतरी खटकलं, पण मला वाटलं, मुलगा आहे, त्यानं नीट विचारूनच केलं असेल. तो समोरच फोटो काढून घेत होता, गळ्यात हार, हातात नारळ. जिना चढताना डाव्या हाताला संगमरवराची पाटी होती. तिच्यावर आमदार, डॉक्टर, साखर कारखान्याचे माजी अध्यक्ष आणि त्यांच्या खाली श्री. धनाजी धुळा सरगर. धनाजीनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलेलं मी पाहिलं. शाळेत ज्याला मास्तर नावानं हाक न मारता 'ए मेंढक्या' म्हणायचे, त्याला त्या पाटीचं काय वाटलं असेल ते मला समजतं. म्हणूनच त्याचा राग करायला मला वेळ लागला.

त्यानंतरच्या जेठात धुळा गेला. आणि गेल्या वर्षी चैत्रात, वर्षश्राद्ध दोन महिन्यांवर आलेलं असताना, हरणाबाई माझ्या दारात उभी राहिली. दिवाळी नसताना.

"वैनीसाब, माझ्यासंगं चला. रुपया आनायचाय."

"कसला रुपया?"

"मालकांचा टाक करायचाय नव्हं. वरीस सराय आलं. पयल्या वर्साच्या आत देवात बसवाय लागतं, न्हाईतर मानूस भायेर ऱ्हातं. सोनाराला सांगून ठिवलंय. तुमी चला, तुमाला त्यांच्यासारखं बोलता येतं."

"धनाजीला सांगितलंस?"

"त्यो सेलमला. आनि त्येला कशाला? माळ माझी हाय."

आम्ही रिक्षानं गेलो. एसटीचा प्रवास आमच्या वयाला फुकट आहे, त्यामुळे तिला सगळीकडेच तसं असेल असं वाटलं. खिडकीवरच्या मुलीनं दोन तिकिटं मागितली तेव्हा हरणाबाई म्हणाली, "आमचीच वस्तू बगाय तिकीट?" मुलगी हसली. मी तिकिटं काढली.

पहिल्या दालनात प्लास्टरचा धनगर, प्लास्टरची मेंढरं आणि समोर धान्याची रास घेऊन प्लास्टरचा शेतकरी. खाली पाटी: वस्तुविनिमय, प्राचीन काळ. हरणाबाईनं प्लास्टरच्या धनगराकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरं हाय ह्येचं. चारा नगं, पानी नगं." मग माझ्याकडे वळून, "ह्यो लय जुना काळ म्हनं का?" मी हो म्हटलं. "तुमच्या आत्तीसाबांनी मला जोंधळं दिलं त्येच्याबी आदीचा?" 

कवड्यांच्या कपाटापाशी ती मोठ्यानं हसली. "ह्या तर आमच्या कुत्र्याच्या गळ्यात हायत्या! जाऊन सांगते त्येला, सावकार हायस म्हनून." पुढे बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा काचेखाली मांडलेल्या. "ह्या बी ठिवल्या? माझ्या ट्रंकंत मागनं दोन सापडल्या, म्या चुलीत घातल्या. ठावं असतं तर ह्यास्नीच दिल्या असत्या, माळंच्या बदली." तिचं हे बोलणं ऐकून शाळेच्या सहलीची दोन पोरं तिच्या मागे मागे यायला लागली. ती मजेत होती. आपली वस्तू घ्यायला आलेलं माणूस जसं निर्धास्त असतं, तशी.

माळ शेवटून दुसऱ्या दालनात होती. निळ्या मखमलीवर, गोल मांडलेली, वरून दिवा. कुणीतरी रुपये घासून पांढरे केले होते. हरणाबाईनं आधी ओळखलंच नाही. मग जिथे एक रुपया नाही, नुसता गोफ आहे, ती जागा तिला दिसली.

"हीच," ती म्हणाली. "किती धुतली वो हिला."

पाटीवर लिहिलं होतं: धनगर समाजातील स्त्रीचा कंठालंकार, एकोणिसावे ते विसावे शतक. दाते श्री. धनाजी धुळा सरगर. मी तिला वाचून दाखवलं. ती थांबून राहिली, पुढे आणखी काही असेल म्हणून. पुढे काही नव्हतं.

तेवढ्यात तिथली संग्रहपाल आली. प्रियदर्शनी नाव, तिशीतली, खादीचा कुर्ता, बोलायला गोड. पुण्याला शिकून आलेली. मी ओळख करून दिली तेव्हा तिला खरोखर आनंद झाला. "आजी! म्हणजे ही तुमची?" ती खाली वाकून हरणाबाईच्या पाया पडली. चहा सांगितला. हरणाबाईला वाटलं काम झालंच.

"मला ह्यातला एक रुपया पायजे, बाई. एकच. बाकीची ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं, मला आता गळ्यात पेलत न्हाई."

प्रियदर्शनीला समजेना. मग मी सांगितलं, टाकाचं, धुळाचं, वर्ष सरत आल्याचं. ती ऐकत होती तसतसे तिचे डोळे मोठे होत गेले, पण ज्यासाठी व्हायला हवे होते त्यासाठी नाही.

"म्हणजे ही जी रिकामी जागा आहे ना आजी, ती..."

"सासऱ्याची."

"सासऱ्यांची! आम्हाला वाटलं होतं एक नाणं हरवलंय. किती सुंदर आहे हे!" तिनं खिशातून मोबाईल काढून भराभर काहीतरी टिपलं. "आजी, हे आम्हाला पाटीवर घालायला हवं."

"घाला की. आनि माझा रुपया?"

मग प्रियदर्शनीनं समजावून सांगितलं. एकदा वस्तूची संग्रहात नोंद झाली की ती कुणालाच काढता येत नाही. अध्यक्षांनासुद्धा नाही. "आता ती कुणा एकाची राहिली नाही ना आजी, ती सगळ्यांची झाली."

"सगळ्यांची झाली, तर मग त्यात माझी बी हायच की," हरणाबाई म्हणाली. "माझ्या वाट्याचा एक द्या."

सहलीतली पोरं हसली. प्रियदर्शनीही हसली, पण कुलपाला हात लावला नाही. हरणाबाईनं हात लांब केला, बोट काचेला टेकवलं. "त्यो बगा, कडचा. राणीच्या नाकावर चेप हाय त्यो. धनाजी पोटात असताना माळ दगडावर आपाटली तवा चेपलाय. मालक लय हसल्याले. त्यो काढा."

त्याच वेळी प्रियदर्शनीनं मोबाईल वर केला आणि म्हणाली, "आजी, तसाच हात राहू द्या हं." फोटो निघाला.

मी अध्यक्षांना भेटायचं म्हटलं. विश्वजीतराव आमच्या ह्यांना ओळखत होते. लगेच आत बोलावलं, मला 'काकी' म्हणाले, हरणाबाईला खुर्ची दिली. मी आधी मराठीत आणि मग, राग आल्यावर, इंग्रजीत सांगितलं की या बाईनं माळ देऊन टाकली नव्हती, सांभाळायला दिली होती. त्यांच्यात ही रीत आहे, कित्येक वर्षं ती माळ आमच्या घरात अशीच येत-जात होती. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "काकी, तुमच्या सासूबाईंच्या तांदळाच्या डब्याला ऑडिट नव्हतं." आणि हसले. दानपत्रावर धनाजीची सही होती, खाली आईचा अंगठा होता. देणाऱ्यानंच लेखी विनंती केली तर विश्वस्तांपुढे विषय ठेवता येईल, त्याची हमी नाही, पण ठेवता येईल.

हरणाबाई मला म्हणाली, "लावा धनाजीला."

मी फोन लावला आणि तिला ऐकू यावं म्हणून मोठा केला. मागे भट्टीच्या पंख्याचा आवाज येत होता. धनाजीनं सगळं ऐकून घेतलं.

"काकी, आई तिथं कवा आली? कुनाला न सांगता? आवं, तिला काय कळतंय! टाकाचं म्या बगतो की. माझ्या भट्टीची चांदी हाय, नऊशे नव्व्याण्णव टंच. त्या राणीछापात तांबं असतंय. बापाचा टाक काय तांब्याच्या मिसळीचा करू?"

"तिला त्याच माळेतला हवा आहे, धनाजी. तुमच्या घरची रीत आहे ना."

"रीत व्हती, तवा घरात दुसरी चांदीच नव्हती. आनि दिल्याली वस्तू माघारी मागू? तिथं दगडावर नाव हाय माझं. उद्या सांगली म्हनंल, मेंढक्यानं दिलं आनि चार दिवसांत परत न्हेलं. न्हाई काकी, त्ये व्हनार न्हाई. आईला गाडीत बसवून द्या."

हरणाबाई समोरच होती. पोराचा एकेक शब्द तिनं ऐकला. विश्वजीतराव टेबलावरचे कागद नीट करू लागले. मी फोन तिच्याकडे धरला.

"त्येला इचारा, जेवला का," ती म्हणाली.

मी विचारलं. जेवला होता. फोन ठेवला.

निघताना विश्वजीतरावांनी काउंटरवरून एक भेट मागवली. प्लास्टिकच्या डबीत राणीछाप रुपयाची नक्कल, चकचकीत. तिथे विकायला ठेवलेली. हरणाबाईनं ती डबीतून काढली, तळहातावर उडवून पाहिली आणि म्हणाली, "हलका हाय." मग तो परत डबीत ठेवून झाकण लावलं आणि डबी त्यांच्या टेबलावर त्यांच्या बाजूला सरकवली. उठताना कंबरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढला. मला वाटलं आता ही विश्वजीतरावांना लावणार. ती बाहेर गेली, माळेच्या काचेवर, चेपलेल्या रुपयासमोर, भंडाऱ्याचं बोट ओढलं आणि हात जोडले. आम्ही जिन्यापर्यंत पोचलो नाही तोच राखणदार फडकं घेऊन आला. तोही धनगरच असावा. पुसताना आमच्याकडे पाहत नव्हता.

घरी आल्यावर मी माझं कपाट उघडलं. लक्ष्मीपूजनाला मांडतो तो सासूबाईंचा राणीछाप रुपया काढला आणि तिच्या ओंजळीत ठेवला. "हा घे. तोच शिक्का, तीच राणी."

तिनं तो दोन्ही बाजूंनी पाहिला. डोक्याला लावला. मग माझ्या हातात दिला.

"आत्तीसाबांचा हाय त्यो. ह्येनं त्यास्नी बघितलंय. मालकांना कुठं बघितलंय ह्येनं? मालक तुमच्या वसरीच्या वर कवा आलंच न्हाईत."

हे खरं होतं. धुळा अंगणात बसायचा. त्याला वर या म्हणण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी रुपया परत कपाटात ठेवला. संध्याकाळच्या एसटीनं ती गेली.

जेठात वर्षश्राद्ध झालं. मी गेले होते. मांडव, पाच गावांना जेवण, स्पीकर. धनाजी सेलमहून टाक घेऊन आला होता, लाल डबीत. काम सुरेख होतं; घोडा, घोड्यावर पटकेवाला, हातात काठी. "बगा काकी, कारागीर खास लावला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात बढाई होती, पण डोळे आईकडे होते. त्याला तिनं एकदा तरी 'ब्येस झालं' म्हणायला हवं होतं.

पुजाऱ्यानं हाक मारली, घरच्या मालकिणीनं टाक देव्हाऱ्यात बसवायचा. हरणाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती उठली नाही.

"तू आनलायस, तूच बसीव."

"आई, लोकं बगत्यात."

"बगू देत की. किती जनांची चांदी हाय रं त्यात?"

 गलाईवाल्याला त्याचं उत्तर माहीत असतं. भट्टीत कुणाचं काय पडलं, कुणाची जोडवी, कुणाचा करदोडा, कुणाच्या मेलेल्या बाईचे वाळे, ते एकदा पाणी झाल्यावर कुणी सांगू शकत नाही. शुद्ध चांदी म्हणतात ती तीच.

"कुनाकुनाचं मिळून मानूस केलंयस," ती म्हणाली. "बसीव. जेवाय वाढा म्हनावं, मानसं खोळंबल्यात."

त्यानं बसवला. तिनं त्याला भंडारा लावला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही, असं तिची सून मला पुढे म्हणाली. रोज देव पुसायची, आपल्या सासऱ्याचा टाक पुसायची, त्याच्या शेजारचा धुळाचा तसाच सोडायची. एकदा सुनेनं विचारलं तर म्हणाली, "त्यो पावना हाय. तू पूस." दिवाळीला ती माझ्याकडे आली नाही. तूप सुनेनं पाठवलं.

यंदा श्रावणात ती गेली. महिन्याच्या आत धनाजीनं तिचाही टाक केला, तसाच, त्याच कारागिराकडून. आता ते दोघं देव्हाऱ्यात शेजारी आहेत, चकचकीत, दोघांनाही न पाहिलेल्या चांदीचे. धनाजीनं मला फोटो पाठवला आणि खाली हात जोडल्याची चित्रं. 

गेल्या आठवड्यात मी संग्रहालयात गेले. एकटी, तिकीट काढून. मला ती माळ पाहायची होती. आता तिनं ज्यांना ज्यांना पाहिलं होतं त्या जुन्या माणसांतली मीच उरले आहे.

कपाट बदललं आहे, मोठं केलं आहे. पाटीही नवी आहे. रिकाम्या जागेची गोष्ट तिच्यावर आहे, सासरा, टाक, देव्हारा, सगळं. चांगल्या मराठीत आणि चांगल्या इंग्रजीत. धुळाचं नाव नाही. आणि शेजारी, माणसाच्या उंचीएवढा, हरणाबाईचा फोटो. हात लांब केलेला, बोट काचेला टेकलेलं, तोंड अर्धवट उघडं. 'त्यो काढा' म्हणताना. खाली लिहिलं आहे: आपला पारंपरिक अलंकार अभिमानाने दाखवताना हरणाबाई सरगर.

मी प्रियदर्शनीला बोलावून घेतलं. ती म्हणाली, हा फोटो सगळ्यांना फार आवडतो, शाळेची मुलं तसंच बोट लावून शेजारी फोटो काढतात. मी म्हटलं, ती दाखवत नव्हती. ती मागत होती. तू समोर होतीस.

तिनं फोटोकडे पाहिलं. मग विचारलं, "आजी कशा आहेत?"

मी सांगितलं. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. पाटीचं नक्की बघते म्हणाली.

काल पुन्हा गेले होते. तिनं बघितलं आहे. फोटोखालची ओळ तशीच आहे. हरणाबाईच्या नावाआधी पांढऱ्या पट्टीवर छापून, अगदी सरळ रेषेत, 'कै.' चिकटवलं आहे.